पावलांची दुसरी रांग

मुलांनो, क्षणभर डोळे मिटा आणि माझ्याबरोबर एका शाळेत चला. तीन वर्गांमधल्या लाकडी फळ्या काढून एक लांबलचक खोली केलेली आहे. खिडक्यांना घोंगड्या बांधल्या आहेत. बाहेर दुपारचं लख्ख ऊन, पण आत इतका अंधार की शेजारी कोण बसलंय ते फक्त त्याच्या कोपरानं कळावं. समोर दोन चादरी शिवून केलेला पडदा. मागे एक यंत्र घरघरतंय. त्याच्या तोंडातून उजेडाचा झोत निघालाय आणि त्यात खडूची धूळ तरंगतेय. आता पडद्यावर बघा. बर्फ. सगळीकडे बर्फ, आणि त्यातून एक पाठमोरा माणूस वर चालला आहे.

त्या माणसाची मुलगी तुमच्यातच बसली आहे. पहिल्या रांगेत, मांडी घालून, दोन्ही हात घट्ट मिटून. पाचवीत आहे. तिचं नाव विमल.

आता डोळे उघडलेत तरी चालेल. फक्त तिच्याकडे लक्ष असू द्या.

मी तेव्हा इगतपुरीला शिक्षक होतो. भूगोल शिकवायचो, आणि शाळेचा प्रोजेक्टर चालवता येणारा मी एकटाच असल्यामुळे सिनेमाचा मास्तरही मीच होतो. विमलचे वडील निवृत्ती खातळे रेल्वेत होते. आधी गँगमन. कसारा घाटातले रूळ तपासत रोज चालायचे, आणि सुट्टी मिळाली की डोंगरात जायचे. आमच्या गावाला चहूकडून डोंगर आहेत, पण निवृत्तीभाऊंसारखा कडा चढणारा माणूस मी तरी पाहिला नाही. त्यांचा जोडीदार मुंबईचा. रघुवीर केळशीकर. तो चढायचाही आणि चढता चढता चित्रणही करायचा. पाठीवर कॅमेरा, कमरेला दोर. एका हाताने कड्याची खाच धरून दुसऱ्या हाताने कॅमेऱ्याला चावी देताना मी त्याला खालून पाहिलं आहे.

विमल पाळण्यात होती तेव्हा हे दोघं हिमालयात गेले. ज्यावर कुणीच कधी पाय ठेवला नव्हता असं एक शिखर होतं. त्याला नावसुद्धा नव्हतं, नकाशात नुसता उंचीचा आकडा. निवृत्तीभाऊ त्या शिखरावर पोचले. रघुवीरने त्याचा चित्रपट केला. तो गावोगाव दाखवला गेला, त्याला बक्षीस मिळालं, आणि रघुवीर केळशीकर हे नाव वर्तमानपत्रांत यायला लागलं.

निवृत्तीभाऊ मात्र उजव्या पायाची बोटं तिथेच ठेवून आले. बर्फाने मारलेली बोटं डॉक्टरांना कापावी लागली. घाटातलं चालणं संपलं. रेल्वेने त्यांना फाटकावर बसवलं. गाडी यायची झाली की फाटक लावायचं, गेली की उघडायचं.

"कशी हो गेली बोटं?" असं कुणी विचारलं की ते हसून सांगायचे, "आळस, दुसरं काय! ओले मोजे बदलायचा कंटाळा केला."

गावाने ते उत्तर उचललं. पोरगं भिजल्या कपड्यांनी हिंडायला लागलं की आया ओरडायच्या, "खातळ्याच्या निवृत्तीसारखं करायचंय का?" आणि शाळेतली पोरं विमलला 'मोजे' म्हणायची. "ए मोजे, घंटा झाली!" "मोजे, पेन्सिल दे!" ज्यांनी स्वतः जन्मात मोजे घातले नव्हते ती पोरंसुद्धा. विमलने माझ्याकडे कधी तक्रार केली नाही. पण रघुवीरकाका चित्रपट घेऊन शाळेत येणार, हे मी वर्गात सांगितलं त्या दिवशी ती मधल्या सुट्टीत मागे थांबली.

"सर, त्यात बाबा वर गेलेले दिसतात ना?"

"दिसतात. शेवटचं चित्र त्यांचंच आहे."

"सगळ्यात पहिले?"

"सगळ्यात पहिले. त्यांच्या आधी जगात कुणी गेलं नव्हतं तिथे."

"सगळ्या शाळेला दाखवणार? सातवीला पण?"

सातवीत पंढरी गतीर होता, आणि 'मोजे' हे नाव त्यानेच ठेवलं होतं.

"पंढरीला अगदी पुढे बसवू," मी म्हणालो.

ती हसली नाही. मान डोलावून गेली. तिच्या दृष्टीने ही हसण्यावारी न्यायची गोष्ट नव्हती.

ठरल्या शनिवारी मी रघुवीरला स्टेशनवरून आणला. आम्ही एका वयाचे, अरे-तुरे करणारे. त्याच्या दाढीत पांढरे केस दिसायला लागले होते, पण फितीच्या डब्यांची जड पेटी त्याने मला उचलू दिली नाही. जेवण खातळ्यांकडे होतं, रेल्वेच्या क्वार्टरात. यमुनावहिनींनी नागलीच्या भाकरी, पिठलं आणि खुरासणीची चटणी केली होती.

"वहिनी, बस करा. पोट फुटेल."

"फुटू द्या. मुंबईत कोण घालतंय तुम्हाला नागलीची भाकर? भावजी, आज तरी ह्यांना बघायला लावा तुमचा पिच्चर. एवढी वर्षं झाली, ह्यांनी अजून डोळ्यांनी बघितला न्हाई."

"मी तिथंच होतो की," निवृत्तीभाऊ म्हणाले. "मला काय दाखवता?"

"मी म्हणते, भावजी, त्यात मोजे बदलायचं पण एक चित्र घालायचं होतं. पोरांना तेवढंच शिकायला." वहिनींनी माझ्याकडे वळून सांगितलं, "सर, लोकरीचे दोन जोड मी स्वतः विणून दिले होते. विमल पोटात होती तेव्हापासून विणत होते. एक जोड हा माणूस तसाच परत घेऊन आला. घडीसुद्धा मोडली नव्हती! पाठीवर कोरडे मोजे, आणि पायात ओले."

"वाढ त्याला. बोलत काय बसलीस?"

"वाढते. पण भावजी, तुम्ही तर सोबत होता ना? तुम्हाला न्हाई का सांगता आलं, निवृत्ती, मोजे बदल म्हणून?"

रघुवीरचा हात ताटात थांबला. त्याने तांब्या उचलला आणि घटाघटा पाणी प्यायला. चटणीचा ठसका लागला असेल, असं मला वाटलं.

"बाबा, तुम्ही येणार ना?" विमलने विचारलं.

"फाटक कोण बघणार?"

"लहानूकाका बघतील. मी विचारून आले."

"तू कधी विचारलंस?"

"काल. ते म्हणाले, जा म्हणावं बिनघोर."

"बघा सर, आता ही आमच्या ड्यूट्या लावायला लागली."

"तुम्ही नाही आले तर मी पण नाही जाणार," विमल म्हणाली. तिने भाकरीचा तुकडा ताटात ठेवून दिला.

निवृत्तीभाऊंनी रघुवीरकडे पाहिलं. रघुवीर तांब्याकडे बघत होता.

"येतो," ते म्हणाले. "पण मी मागं बसणार."

आणि खरंच ते सगळ्यात मागे, माझ्या यंत्राच्या बाजूला बाकावर बसले. यमुनावहिनी दाराजवळ इतर बायकांबरोबर. विमल पहिल्या रांगेत. तिच्यापासून दोन मुलं सोडून पंढरी गतीर.

चित्रपटाला आवाज नव्हता. रघुवीर पडद्याच्या कडेला उभा राहून सांगत होता, आणि फार छान सांगत होता. याक आला तेव्हा तो म्हणाला, "ह्याने माझी टोपी खाल्ली." पोरं खदखदून हसली. निवृत्तीभाऊ पाठीवर भलंमोठं ओझं घेऊन कॅमेऱ्याकडे बघून जीभ बाहेर काढत होते, तेव्हा तर छप्पर उडायची वेळ आली. विमल मागे वळून अंधारात वडिलांना शोधत होती. मग बर्फ सुरू झाला. हिमकड्यात कुऱ्हाडीने खणलेल्या पायऱ्या. वाऱ्याने फडफडणारा तंबू. पोरं गप्प होत गेली.

"इथून पुढे आम्ही दोघंच," रघुवीर म्हणाला. "बाकीचे खालच्या तंबूत. मी जिथे कॅमेरा धरून बसलोय तो डोंगराचा खांदा. इथून वर उतार सोपा होता, म्हणून आम्ही दोर सोडला. आता बघा."

निवृत्तीभाऊ कॅमेऱ्याच्या अगदी जवळून निघाले. आधी त्यांचे बूट दिसले, मग पाठ. ते एकेक पाऊल उचलत कोऱ्या बर्फातून वर चालले. लहान होत गेले. पांढऱ्या कडेवर एक काळा ठिपका उरला, ठिपक्याने हात वर केला, हातात झेंडा होता.

काय टाळ्या पडल्या म्हणून सांगू! पंढरीसुद्धा वाजवत होता. मी एक घोंगडी सोडली, थोडा उजेड आत आला. विमलचा चेहरा मला अजून दिसतो. जणू तिलाच कुणी वर उभं केलं होतं.

"कुणाला काही विचारायचं आहे?" रघुवीर म्हणाला.

पंढरीचा हात पहिला. "तिथं संडासला कुठं जायचं?"

पुन्हा हशा. रघुवीरने तेही नीट सांगितलं. कुणी विचारलं, श्वास लागतो का. कुणी विचारलं, तिथे वाघ असतात का. मग विमल उठून उभी राहिली.

"काका, बाबांच्या आधी कोण गेलं होतं?"

"कुणी नाही, बाळ. बाबाच पहिले."

"मग ती पावलं कुणाची?"

"कुठली पावलं?"

"बाबांच्या डाव्या हाताला. अगदी कडेला. बाबा चालायला लागले त्याच्या आधीपासूनच होती."

रघुवीर वळून कोऱ्या पडद्याकडे बघायला लागला.

"मी पायांकडेच बघत होते," विमल म्हणाली. ती तक्रार करत नव्हती, नुसतं सांगत होती. "बाबा सरळ चालत होते ना, म्हणून. मी त्यांना कधी सरळ चालताना बघितलं नाही."

सगळी शाळा शिखराकडे बघत होती आणि ही पोरगी बापाच्या पायांकडे. हा चित्रपट कितीतरी शहरांत दाखवला होता, जाणत्या लोकांनी पाहिला होता. पण त्या पायांकडे बघायचं कुणाला कारणच नव्हतं.

"म्हणजे आधीच कुणीतरी जाऊन आलं होतं!" पंढरी ओरडला. "ए मोजे, तुझा बाप दुसरा!"

"पंढरी, खाली बस!"

"पण सर, तीच म्हणतेय की!"

आणि ते खरं होतं. विमलच्या लक्षात आलं आपण काय करून बसलो ते. तिचं तोंड उघडंच राहिलं. "नसतील," ती म्हणाली. "मला नीट दिसलं नसेल."

"सर, उलटं चालवा! उलटं चालवून बघू!" पोरांनी एकच गिल्ला केला. यंत्राला उलटं फिरवायचा खटका होता, आणि पोरांना त्याचं फार वेड. मी रघुवीरकडे पाहिलं. तो हो म्हणाला नाही, नाहीही म्हणाला नाही. विमल म्हणाली, "चालवा, सर." तिला ती पावलं तिथे नाहीत हे बघायचं होतं.

मी घोंगडी परत बांधली आणि खटका फिरवला.

काळ्या ठिपक्याने हात खाली घेतला. तो मागे मागे चालत उतरू लागला. सुरुवातीला पोरं हसली. निवृत्तीभाऊ पाठमोरेच आमच्याकडे येत होते, मोठे होत होते, आणि त्यांचं प्रत्येक पाऊल बर्फातून आपली खूण उचलून घेत होतं. खूण गेली की तिथे बर्फ कोरा. एकेक करत त्यांची सगळी पावलं पुसली गेली. ते कॅमेऱ्यापाशी येऊन पोचले, तेव्हा त्यांनी उमटवलेलं एकही पाऊल डोंगरावर राहिलं नाही.

आणि डाव्या कडेला दुसरी रांग तशीच होती. खालपासून वरपर्यंत.

मी यंत्र बंद केलं. घोंगडी सोडली. कुणी हसत नव्हतं. विमल उभीच होती.

माझ्या शेजारचा बाक करकरला. निवृत्तीभाऊ उठले होते.

"अगं, ती शेर्पाची पावलं," ते मोठ्याने म्हणाले. अगदी सहज, फाटकावरून कुणाला हाक मारावी तसे. "रस्ता बघायला तो पुढं जाऊन आला होता. मी त्याच्या मागनं गेलो."

"मग पहिले तुम्ही न्हाई?" पंढरीने विचारलं. आता त्याचाही आवाज खाली आला होता.

"न्हाई. मी दुसरा."

विमल वडिलांकडे बघत राहिली. मग हळूच खाली बसली आणि फरशीकडे बघायला लागली. पोरांत कुजबुज सुरू झाली. दाराजवळ यमुनावहिनींनी पदर तोंडाला लावला होता. मी काहीतरी बोलून वेळ मारून नेणार होतो, पहिला काय, दुसरा काय, वर पोचणं मोठं, असलं काहीतरी.

"तो खोटं बोलतोय," रघुवीर म्हणाला.

"रघू, गप बस."

"शेर्पा खाली तंबूत होता. तापाने फणफणलेला. वर आम्ही दोघंच होतो." रघुवीरने विमलकडे बघून सांगितलं. "बाळ, तुला बरोबर दिसलं. पण ती पावलंही तुझ्या बाबांचीच आहेत. ह्या चित्राच्या आधी तो वर जाऊन आला होता."

"दोनदा गेले?" विमलने विचारलं.

"दोनदा."

"का?"

मुलांनो, रघुवीरने कड्यावर लोंबकळत चित्रं घेतलेली मी पाहिली आहेत. त्या दुपारी पडद्याशेजारी उभं राहताना त्याला जेवढा त्रास झाला, तेवढा तिथे झाला नसेल.

"पहिल्यांदा तो वर गेला, तेव्हा मी चित्रण करत होतो. त्याने वरून हात हलवला. खाली आला. आम्ही मिठ्या मारल्या. मग मी कॅमेरा उघडला, तर आत फीत मोडलेली. थंडीत फीत पापडासारखी कडक होते. काहीच आलं नव्हतं." तो थांबला. "तो दगडावर बसला होता. एक बूट काढला होता. मांडीवर कोरडे मोजे होते." त्याने दाराकडे पाहिलं. "वहिनी, तुम्ही विणलेले. तो घडी मोडणार, तेवढ्यात मी म्हणालो, निवृत्ती, ऊन जाईल. परत एकदा वर जाऊन ये. मोजे आल्यावर बदल."

यमुनावहिनींचा पदर तोंडावरून खाली आला.

"त्याने मोजे परत पिशवीत टाकले. ओल्या पायावर ओला बूट चढवला. आणि निघाला. जुन्या पावलांवरून गेला असता तर तिथे बर्फ दाबला गेलेला होता, वाट झाली होती. मी त्याला तसं जाऊ दिलं नाही. म्हटलं, बाजूने जा, कोऱ्या बर्फातून. जुनी पावलं दिसली तर पहिला माणूस वाटणार नाही. कोऱ्या बर्फात पाय गुडघ्यापर्यंत आत जात होता. मी कॅमेरा असा धरला की जुनी रांग चित्राबाहेर राहावी. मला वाटत होतं, राहिली."

"रघू, पुरे आता. पोरांपुढं काय हे?"

"तू पोरांपुढं दुसरा झालास, निवृत्ती."

निवृत्तीभाऊ मुलांच्या मधल्या वाटेने पुढे आले. पाय ओढत, एक खांदा झुकवत, नेहमीसारखे. सगळी मुलं त्यांच्या पायांकडे बघत होती. ते रघुवीरसमोर उभे राहिले.

"सांगायचंच तर अर्धं काय सांगतोस?" ते म्हणाले आणि पोरांकडे वळले. "माझ्यानंतर ह्याची पाळी होती वर जायची. मी खाली आलो की हा जाणार, असं ठरलं होतं. पण मी दुसऱ्यांदा जाऊन येईस्तोवर ऊन गेलं. वारा सुटला. हा गेलाच न्हाई. तिथं हाताच्या अंतरावर जाऊन माघारी आला हा माणूस. मी दोनदा वर गेलो, हा एकदाही न्हाई. हे पण सांग की."

"ते माझं मी ठरवलं होतं."

"मग मी पण माझं मीच ठरवलं होतं. तू म्हणालास, मी गेलो. तू काय मला ढकललं होतंस?"

"दहा वर्षं," यमुनावहिनी दारातून म्हणाल्या. "दहा वर्षं मी तुम्हाला त्या मोज्यांवरून बोलतेय. ऊठसूट. येणाऱ्या-जाणाऱ्यासमोर. तुम्हाला एकदा तोंड उघडता आलं न्हाई?"

"मोजे बदलले न्हाई हे खरंच होतं की."

"हसू नका!"

निवृत्तीभाऊ हसत नव्हतेच. "यमुना, एका दोराला बांधलेली माणसं खाली आल्यावर एकमेकाचं नाव घेत न्हाईत. आमच्यात तशी रीत न्हाई. वर जे झालं ते दोघांचं झालं."

"बोटं दोघांची गेली का?"

रघुवीर पडद्याला पाठ लावून खाली बघत उभा होता, आणि मुंबईच्या सभागृहांत टाळ्या घेणारा माणूस आता वर्गाबाहेर काढलेल्या मुलासारखा दिसत होता. दोघा मित्रांमध्ये दोन पावलांचं अंतर होतं, आणि कुणालाच ते तोडता येत नव्हतं.

मला वाटलं, विमल उठेल आणि वडिलांना जाऊन बिलगेल. ती उठली. डोळे फ्रॉकच्या बाहीने पुसले. वडिलांच्या बाजूने गेली, पण थांबली नाही. मुलांमधून वाट काढत सरळ माझ्यापाशी आली.

"सर, परत लावा. शेवटचंच. सुलटं."

"आत्ता?"

"पंढरीने नीट बघितलं नाही."

मी घोंगडी बांधली. यंत्र घरघरायला लागलं. निवृत्तीभाऊंचे बूट दिसले, मग पाठ, मग पहिलं पाऊल कोऱ्या बर्फात रुतलं. विमल धावत पडद्यापाशी गेली. तिच्या केसांवर, फ्रॉकवर बर्फ पसरला. तिने हात उंच केला, टाचा उंचावल्या, तरी हात पुरेना. तिने बाजूला पाहिलं. एका बाजूला बाबा होते. दुसऱ्या बाजूला रघुवीर.

तिने रघुवीरची बाही ओढली.

"काका, मला उचला."

रघुवीरला ऐकू आलं नाही, की ऐकूनही समजलं नाही, कोण जाणे.

"उचला ना काका, लवकर! बाबा वर चालले!"

त्याने तिला उचललं. तिने बोट पडद्यावर टेकवलं, चालणाऱ्या माणसाच्या पाठीवर.

"पंढरी, बघ. हे माझे बाबा." मग तिचं बोट डावीकडे सरकलं, चादरीच्या काठालगत, त्या दुसऱ्या रांगेवर. "आणि हे पण माझे बाबाच."

पंढरीने मान हलवली. ती पाहायला विमल थांबली नव्हती. तिचं बोट चढायला लागलं होतं.

"अजून वर, काका," ती म्हणाली.

रघुवीरने तिला खांद्यावर घेतलं, आणि तिचं बोट त्या जुन्या पावलांवरून, एकही न गाळता, शिखरापर्यंत गेलं.